तुम्ही विचारलंत म्हणून : पालकांनी मैदानात कशाला उतरायचे?

रविवारी सकाळी मी मुलांचा खेळाचा वर्ग घेते, आणि त्यात आईवडिलांनीही उतरले पाहिजे ही माझी अट ऐकली, की बडोद्यातले बहुतेक पालक एकच प्रश्न विचारतात : "बाई, खेळायचं मुलांनी, आम्ही कशाला?"

ज्या गावात जुम्मादादांचा आखाडा 1880 पासून आहे आणि जुन्या मंडळींच्या बोलण्यात त्या आखाड्याचे व्यायामगुरू प्रा. माणिकराव यांचे नाव अजून निघते, त्या गावाने हे विचारावे, असे मी पूर्वी तावातावाने सुनावत असे. ते उत्तर खोटे नव्हते; खऱ्या कारणात मात्र माझीच चूक आहे, म्हणून मी ते टाळत आले.

शाळेत व्यायामशिक्षिका असताना मी सातवीची 600 मीटर धावण्याची चाचणी घेत होते. आमच्या मैदानाच्या त्या तीन फेऱ्या. बाकी सगळी मुले पोहोचली होती आणि एकच मुलगा तिसऱ्या फेरीत अडकला होता. त्याला हुरूप यावा म्हणून मी वर्गाला मोठ्याने सेकंद मोजायला लावले. हुरूप हा माझा शब्द. मुलांनी मोजता मोजता त्याच्या जड पावलांवर ठेका धरला. तो थांबला, बुटाची नाडी बांधायला खाली बसला आणि बांधलेली नाडी सोडून पुन्हा बांधत राहिला. घंटा होईपर्यंत तो उठला नाही, आणि मीही घड्याळ बंद केले नाही.

पुढे पी.टी.च्या प्रत्येक तासाला वडिलांची चिठ्ठी येऊ लागली : "चि.चे पोट दुखत आहे, मैदानावर सूट मिळावी." घरच्यांचे लाड, असे ठरवून मी वडिलांना बोलावून घेतले. त्यांनी माझे सगळे ऐकून घेतले आणि शांतपणे म्हणाले, "मजकूर मला शोधावा लागत नाही, बाई. माझे वडील माझ्यासाठी हाच लिहून देत."

तो मुलगा पुन्हा मैदानावर आला नाही.

मुलांना दिवसाला सरासरी 60 मिनिटे दम लागेल अशी हालचाल हवी, हे जागतिक आरोग्य संघटनेचे म्हणणे पालक मलाच ऐकवतात. मोठ्यांसाठी आठवड्याला निदान 150 मिनिटे सांगितली आहेत, हे मात्र कोणी ऐकवत नाही. शाळेच्या दोन तासांत हा हिशेब बसत नाही, तो घरीच बसवावा लागतो, आणि ज्या घरात मैदानाची धास्ती वडिलांपासून चालत आली आहे तिथे मुलाला एकट्याला शिकवून भागत नाही. म्हणून माझ्या वर्गात वेळ मोजत नाहीत. लंगडी, खो-खो, डबा ऐसपैस एवढेच असते, आणि राज्य बहुधा मोठ्यांवरच येते.

सक्तीने उतरवणे म्हणजे तीच चाचणी मोठ्यांसाठी पुन्हा मांडणे नव्हे का, असे माझी मुलगी विचारते. यावर मी चिडते, उत्तर देत नाही. मागच्या रविवारी खो-खोत बसलेले एक गृहस्थ पाठीवर खो मिळूनही उठले नाहीत, बुटाची नाडी बांधू लागले. मुले थांबून त्यांच्याकडे पाहू लागली, तेव्हा मी सगळ्यांना पाणी प्यायला पिटाळले आणि पुसली न गेलेली फक्की पुन्हा मारत राहिले.