सहाला दहा कमी

३० सप्टेंबर २०२५, मंगळवार. रात्रीचे बारा वाजून गेलेत.

संध्याकाळपासून चमचा सहा वेळा वाजला. आईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, उठायचं असलं की त्या हाक मारत नाहीत. उशाशी ठेवलेल्या स्टीलच्या पेल्यावर चमचा वाजवतात. टण, टण, जरा थांबून पुन्हा टण. आयुष्यभर मिशनच्या दवाखान्यात नर्स होत्या, पेशंटनं घंटी वाजवायची असते हे डोक्यात पक्कं बसलंय. फेब्रुवारीत बाथरूमच्या उंबऱ्याला अडखळून पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. वॉकर आणलाय, पण त्याच्यावर त्यांचा काडीचा विश्वास नाही. फिजिओथेरपीवाल्या मुलीनं कमरेला बांधायचा एक रुंद पट्टा दिलाय. तो मागून धरायचा आणि त्यांना बाथरूमपर्यंत न्यायचं, परत आणायचं. माझी अकरा पावलं, त्यांची एकवीस.

"अगं, ढकलतीयस कशाला? पडीन की मी."

मी हात सैल सोडते.

"आता सोडलंस व्हय? हात लागंना मला तुझा. पाडूनच मोकळी होणार तू."

आणि पलंगावर टेकल्यावर रोज एकच वाक्य. "तुला जमायचं न्हाई हे. शिकावं लागतं."

हा संवाद आमच्या घरात सुरू व्हायच्या कितीतरी आधी मी वाचलेला होता. फ्रान्सच्या उत्तरेला लिझ्यू नावाचं गाव आहे, तिथल्या कार्मेल संघाच्या सिस्टरांच्या मठात सिस्टर सेंट पिएर नावाच्या एक म्हाताऱ्या सिस्टर होत्या. संधिवातानं अधू झालेल्या. संध्याकाळी प्रार्थना चालू असताना सहाला दहा कमी झाले की त्या हातातलं वाळूचं घड्याळ हलवायच्या. म्हणजे चला, मला जेवणघरात न्या. न्यायला उठायची ती नवशिकी तेरेजा, पुढे संत झालेली. कसं न्यायचं तर मागून कमरेचा पट्टा धरून. भरभर चाललं तर म्हातारी ओरडायची, पडेन म्हणून. हळू चाललं तर, कुठे गेलीस, हात लागत नाही तुझा. वर, तू फार लहान आहेस, तुला हे काम झेपायचं नाही.

मी एकावन्न वर्षांची आहे. एवढाच काय तो फरक.

तेरेजाला जाऊन आज १२८ वर्षं झाली. ३० सप्टेंबर १८९७, वय २४, क्षयरोग. उद्या तिचा सण. यंदा तिला संतपद मिळून शंभर वर्षंही झाली, १७ मे १९२५ ला रोममध्ये जाहीर झालं होतं. वसईत असते तर उद्या चर्चला गुलाबांचा ढीग पाहिला असता. इथे कोल्हापुरात, लक्ष्मीपुरीत, आज एक गुलाब घ्यायला गेले तर फुलवाली म्हणाली, देवीला का? नवरात्राची अष्टमी, शेवंती-झेंडूच्या राशी, गर्दीत पाय ठेवायला जागा नाही आणि एरवी दहाला मिळणारा गुलाब पंचवीसला. मी म्हटलं, हो, आमच्या. तिनं वरून दोन शेवंत्या टाकल्या. म्हणाली, घ्या, देवीच्या नावानं. आत्ता त्या दोन शेवंत्या आणि तो एक गुलाब असं सगळं मिळून तेरेजाच्या चित्रापुढे आहे. तिला चालत असावं.

हे चित्र आजीचं. वसईच्या घरी तांदळाच्या डब्याच्या झाकणाला तिनं ते आतून चिकटवलं होतं. झाकण उघडलं की हातात क्रूस आणि गुलाब धरलेली तपकिरी झग्यातली सिस्टर, गालाला गुलाबी रंग, नाकावर तांदळाची पांढरी पूड. आजी तिला लिटल फ्लॉवर म्हणायची, पण शेजारणीशी बोलावं तशी बोलायची. आज पाव्हणे आहेत, भात लागू देऊ नको. पोरीचा ताप उतरव. मला लहानपणी ती बाई अजिबात आवडायची नाही, फार गोड-गोड. मला आवडायचा आमचा गोन्सालो गार्सिया, वसईत जन्मलेला, १५९७ साली नागासाकीला क्रुसावर खिळून भाल्यांनी मारलेला. संत म्हणजे असा पाहिजे! ही फ्रेंच मुलगी पंधराव्या वर्षी मठात गेली, नऊ वर्षांनी आजारी पडून वारली. मधे काय केलं? कपडे धुतले, झाडलोट केली, म्हाताऱ्यांना जेवायला नेलं.

तिनं लिहिलेलं मी वाचलं ते लग्नानंतर कोल्हापुरात, पहिल्या बाळंतपणानंतर, जेव्हा रात्रंदिवस धुणं आणि दूध यापलीकडे काही उरलं नव्हतं. आणि तेव्हा कळलं की चित्रानं आम्हाला फसवलं होतं. ही मुलगी चिडायची! प्रार्थनेच्या वेळी मागे बसणारी एक सिस्टर सारखा कसलातरी बारीक आवाज करायची, शिंपल्यावर शिंपला घासावा तसा. तेरेजा लिहिते की मागे वळून एकदा बघावं, म्हणजे तरी ती थांबेल, असं फार वाटायचं. वळली नाही. पण वळायचं नाही म्हणून अंगाला घाम फुटायचा. शेवटी तिनं ठरवलं की हा आवाज टाळायचा नाहीच, कान देऊन ऐकायचा, जणू कुणी सुंदर वाजवतंय. तीच तिची त्या दिवशीची प्रार्थना.

धुण्याचा प्रसंगही तसाच. हातरुमाल धुताना समोरची सिस्टर प्रत्येक वेळी घाण पाणी हिच्या तोंडावर उडवायची. पहिली इच्छा काय, तर मागे सरून तोंड पुसायचं, म्हणजे समोरचीला समजेल. रंकाळ्यावर धुणं धुणाऱ्या बायकांमध्ये यावरून काय काय झालं असतं हे कोल्हापूरकरांना सांगायला नको. ही जागची हलली नाही. आणि लिहिताना एवढं प्रामाणिकपणे लिहिलं की आधी काय वाटलं, तेही.

मला तिचा आधार वाटतो तो या "आधी काय वाटलं"चा. वाळूचं घड्याळ हललं की उठणं सुरुवातीला किती जिवावर यायचं, हे तिनं लपवलेलं नाही. चमचा वाजला की माझ्या मनात पहिल्यांदा येतं ते मी या वहीतही लिहिणार नाही. दुसऱ्यांदा येतं ते तेरेजाचं नाव. कधी तिसऱ्यांदा. आज दुपारी आलंच नाही. मी पट्टा जरा हिसका देऊन ओढला आणि आई भिंतीला धरून गप्प उभ्या राहिल्या. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

आईंना माझी ही भक्ती पटत नाही, ते वेगळंच. त्यांच्या घरात तीन पिढ्या प्रोटेस्टंट. अमेरिकेचे मिशनरी रॉयल वाइल्डर १८५२ साली कोल्हापुरात आले, तिथपासूनचा इतिहास त्या सांगू शकतात. बायबल पाठ, भजनं पाठ. पण मेणबत्ती, मूर्ती, चित्रापुढे फूल, हे पाहिलं की कपाळाला आठी. "देवाशी बोलायला मधे वकील कशाला लागतोय?" लग्नानंतर महिनाभरात विचारलं होतं. माझ्याकडे उत्तर होतं, पण चहा निवत होता. सव्वीस वर्षांत ते द्यायचं राहूनच गेलं. आज गुलाब पाहून म्हणाल्या, "चित्राला फूल, आणि मला चमचा."

पण गेल्या आठवड्यात एक गोष्ट झाली. ह्यांची शिरोली एमआयडीसीत रात्रपाळी, घरात आम्ही दोघीच, वीज गेलेली. आईंनी विचारलं, तुझी ती पोरगी कशानं गेली? मी म्हटलं, टीबीनं. त्या एकदम ताठ बसल्या. टीबीच्या वॉर्डात त्यांची किती वर्षं गेली आहेत. पुढचा अर्धा तास मी एखाद्या शिकाऊ नर्ससारखी उत्तरं देत होते. रक्त कधी पडलं पहिल्यांदा? १८९६ च्या गुड फ्रायडेच्या आदल्या रात्री, दिवा मालवून आडवी झाल्यावर. मग? तोंडात काहीतरी आलं, रुमाल लावला, पण दिवा मालवला होता म्हणून परत लावला नाही, सकाळी उजेडात बघितलं.

"दिवा लावायचा की गं," आई म्हणाल्या. "येडी पोर."

मग किती दिवस काढले? दीड वर्ष. त्यातच विश्वासाचाही काळोख झाला. स्वर्ग आहे की नाही असं वाटावं इतका. हे मी सांगितलं पण आईंना त्यात रस नव्हता, त्यांना दुखण्याचं हवं होतं. शेवटी काय देत होते? मी सांगितलं की मठाच्या मदरनं मॉर्फिन देऊ दिलं नाही. आई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "आमच्या वॉर्डात असती तर मी दिलं असतं. डॉक्टरशी भांडून दिलं असतं." त्यांचा आवाज जरा हलला होता. सव्वाशे वर्षांपूर्वी वारलेल्या फ्रेंच मुलीची कुणी अशी बाजू घेतलेली मी वसईतही ऐकली नाही.

त्याच रात्री मी वाळूच्या घड्याळाचंही सांगितलं. पट्ट्याचं सांगितलं. त्यांना काय कळायचं ते कळलं असणार, काही बोलल्या नाहीत.

पुढे मी हेही सांगितलं की १९२७ मध्ये पोपनी तिला मिशनांची आश्रयदाती केलं, गोव्याच्या फ्रान्सिस झेवियरच्या बरोबरीनं. यावर मात्र आई हसल्या. "कुठं गेली न्हाई नि मिशनरी? आमचे वाइल्डर साहेब काय उगाच जहाजातनं आले?"

माझी रोजरी, म्हणजे जपमाळ, हल्ली तिसऱ्या दहा मण्यांच्या पुढे जात नाही. हातात मणी तसेच राहतात आणि मान पडते. तेरेजालाही प्रार्थनेत झोप लागायची, वर्षानुवर्षं. तिनं त्याची समजूत अशी काढली की आईबापांना मूल जागं असलं काय नि झोपलं काय, सारखंच आवडतं, आणि ऑपरेशन करायचं तर डॉक्टरही आधी झोपवतातच. आईंना सांगितलं तर म्हणाल्या, हे खरंय, भुलीशिवाय काय करता येत नाही. त्यांनी मान्य केलेलं कॅथलिकांचं हे पहिलं वाक्य.

मघाशी, साधारण साडेदहाला, चमचा सहाव्यांदा वाजला. बाथरूमकडून परत येताना मधेच लांबून आवाज यायला लागला. अष्टमीची रात्र, अंबाबाई नगरप्रदक्षिणेला निघालेली. बँड, मधेच ढोल, वाऱ्याबरोबर कमी-जास्त. मी तिथेच थांबले, कारण हेही मी वाचलेलं होतं. हिवाळ्यातल्या एका संध्याकाळी तेरेजा त्या म्हातारीला घेऊन थंड, अंधाऱ्या ओसरीतून चालली होती आणि लांबून कुठूनतरी वाद्याचा सूर आला. तिच्या डोळ्यांपुढे दिव्यांनी झगमगणारी बैठकीची खोली आली, छान कपड्यांतल्या, एकमेकींचं कौतुक करणाऱ्या मुली. आणि हाताशी ही कण्हणारी म्हातारी, भोवती मठाच्या उघड्या विटा. ती लिहिते की ती दहा मिनिटं मी जगातल्या कुठल्याच सुखाशी बदलली नसती.

मी बदलली असती. खरं तेच लिहिते. महाद्वार रोडला या वेळी काय माहोल असेल, पोरी नटून आलेल्या असतील, कोपऱ्यावर गरम भजी असतील, आणि मी घामेजल्या हातात पट्टा धरून उभी.

"पालखी आली वाटतं," आई म्हणाल्या. मग आवाज बारीक करून, "लहान असताना आम्ही जायचो बघायला. घरात न सांगता. पप्पांनी चामडं सोललं असतं."

मी बघतच राहिले.

"उभी काय राहिलीस? खिडकीपाशी ने की."

खिडकी म्हणजे आणखी नऊ पावलं, फेब्रुवारीपासून त्या तिकडे गेल्या नव्हत्या. गेलो. दिसलं काहीच नाही, समोरच्या इमारतीच्या गच्चीवरची माळ तेवढी. त्या गजाला धरून उभ्या, मी मागे. आवाज ऐकू येईनासा झाला तेव्हा त्यांना परत आणलं. पांघरूण घातलं, पेल्यात पाणी भरलं, चमचा हाताला लागेल असा ठेवला.

दिवा मालवायला गेले तर म्हणाल्या, "ती तुझी पोरगी. त्या म्हातारीला रोज न्यायची व्हय?"

"हो."

"पडली का कधी म्हातारी?"

"तसं काही लिहिलेलं नाही."

"मग बरी होती," आई म्हणाल्या, आणि भिंतीकडे तोंड करून झोपल्या.