हूकर बाहेर

खानापूर तालुक्यातल्या आमच्या खेड्यात रग्बीचा क्लब आहे म्हटलं की बेळगावातली माणसंही पुन्हा एकदा विचारून खात्री करून घेतात. आमच्याकडं पोरगा अंगानं भरला की तालमीत जातो, नाहीतर कबड्डीत, नाहीतर सरळ सैन्यभरतीला. रग्बी आणली ती एका निवृत्त सुभेदारांनी. पलटणीत असताना ते खेळले होते. भाताची मळणी आटोपली की गायरान मोकळं होतं, तिथं त्यांनी चिव्याच्या उंच काठ्या रोवल्या. आडवी काठी 3 मीटरवर, दोन खांबांमध्ये 5.6 मीटर, सगळं टेप धरून. पोरांना ते कलकत्त्याच्या क्लबाची हकिकत सांगतात. क्लब मोडताना बँकेतले चांदीचे रुपये काढून वितळवले, त्याचा कप केला, झाकणावर हत्ती बसवला, आणि 1879 पासून इंग्लंड-स्कॉटलंड त्याच कपासाठी भिडतात. "आपल्या रुपयांचा कप हाय तो," म्हणतात सुभेदार, आणि पोरं पुन्हा स्क्रमला, म्हणजे खांद्याला खांदा लावून रेटायला, वाकतात.

मी गावात दवाखाना चालवते. सामन्याला मैदानावर बसाल का, असं सुभेदारांनी विचारलं तेव्हा मी एकच अट घातली होती: डोक्याला मार लागला असेल तर माझा शब्द शेवटचा. त्यांनी लगेच होकार दिला. जानेवारीतल्या त्या रविवारी ही अट कसाला लागली.

सामना कोल्हापूरकडच्या संघाशी होता. त्यांचे मागच्या फळीतले खेळाडू वाऱ्यासारखे पळणारे, आमची पुढची फळी वजनदार. आमचा सगळा जोर स्क्रमवर. दोन्हीकडचे आठ-आठ गडी एकमेकांत खांदे अडकवून रेटतात, पहिल्या ओळीत दोन प्रॉप आणि त्यांच्या मध्ये हूकर, जो पायानं चेंडू मागं ओढतो. आमचा हूकर विशीतला पोरगा, मानेनं बैलासारखा, स्वभावानं गरीब. अग्निवीरची लेखी परीक्षा पास झालेला. दोन आठवड्यांनी त्याची 1.6 किलोमीटरची धाव होती. त्याच्या बापानं त्या धावेसाठी म्हशीचं दूध विकायचं थांबवून पोराला पाजलं होतं, हे सगळ्या गावाला ठाऊक.

दुसऱ्या हाफमध्ये आम्ही 12-10 असे पुढं होतो. त्यांचा एक गडी कडेनं सुटला, आमच्या हूकरनं त्याला धरून पाडायला खाली वाकून टॅकल मारला आणि पळणाऱ्याचा गुडघा त्याच्या कानशिलावर बसला. आवाज मला बाहेर ऐकू आला. तो पडला, पण बेशुद्ध झाला नाही. स्वतःच्या पायांवर उभा राहिला, हात वर केला, लोकांनी शिट्ट्या मारल्या. मला मात्र त्याचे पाय दिसत होते. उभं राहताना त्यानं एक पाऊल बाजूला टाकलं, मग दुसरं, आणि तिसरं टाकायच्या आधी प्रॉपचा दंड धरला.

मी आत गेले. मान दाबून पाहिली, हातापायांची ताकद पाहिली, डोळ्यांच्या बाहुल्या पाहिल्या. ते ठीक होतं. मग नेहमीचे प्रश्न: आपण कुठल्या मैदानावर आहोत? हा कितवा हाफ? शेवटचा ट्राय (चेंडू समोरच्यांच्या रेषेपलीकडं टेकवणं) कुणी केला? मागचा सामना कुणाशी झाला, जिंकलो का? मैदान त्यानं बरोबर सांगितलं. बाकीच्याला तो हसला नुसता. मग म्हणाला, "बाई, कुणाचं पॉइंट जास्त हाईत?" मी सांगितलं, आपले. बुटाची नाडी बांधता बांधता त्यानं पुन्हा तेच विचारलं, त्याच सुरात, जणू पहिल्यांदाच. तिथं माझा निर्णय झाला.

"बाहेर," मी रेफ्रींना म्हटलं. "आज परत येणार नाही."

त्याचा अर्थ काय ते सगळ्यांना कळत होतं. हूकरच्या जागी उभा राहील असा शिकलेला दुसरा पोरगा आमच्याकडं नव्हता. पहिल्या ओळीत कच्चा गडी घातला तर मान मोडते, म्हणून तसा गडी नसला की नियमानं स्क्रम बिनजोराचे होतात: कुणी रेटायचं नाही, ज्याचा चेंडू त्याला मिळायचा. म्हणजे आमचं वजन त्या क्षणापासून बिनकामाचं, आणि त्यांची पळणारी पोरं मोकळी.

"एनू आगिल्ला, डॉक्टर," काही झालं नाही, असं आमचा कन्नड बोलणारा प्रॉप कळवळून म्हणाला. कुणीतरी कांदा फोडून आणला होता, तो मी बाजूला ठेवायला लावला. कडेवरून ओरडा सुरू झाला. हूकरचा बाप दोरी ओलांडून आत आला. "बाई, रक्त न्हाई, सूज न्हाई. आम्ही झाडावरनं पडलो, बैलानं उडवलं, काय झालंय आमाला? वीस मिनिटं ऱ्हायलीत. खेळू दे की त्याला."

मी त्यांना जे सांगितलं ते तेव्हा अर्धंच ऐकलं गेलं असेल, म्हणून इथं पूर्ण लिहिते. सुका नारळ हलवला की आतला गोटा खडखडतो, वरून करवंटीला चरा नसतो. डोक्याचंही तसंच. कवटी शाबूत असते आणि आत मेंदू हिसका खातो. बहुतेक वेळा शुद्ध जातच नाही, म्हणूनच लोक फसतात. चेहरा कोरा दिसतो, तोल जातो, एकच गोष्ट पुन्हापुन्हा विचारली जाते, डोकं ठणकतं, उजेड सहन होत नाही. यातलं एक जरी दिसलं तरी खेळाडूनं त्या दिवशी परत मैदानात पाय ठेवायचा नाही. हिसका खाल्लेला मेंदू सावरायच्या आत दुसरा मार बसला तर मेंदू झपाट्यानं सुजू शकतो. असं क्वचित होतं, पण होतं ते कोवळ्या वयातच जास्त, आणि तेव्हा हातात वेळ उरत नाही. वीस मिनिटांत किती टॅकल होतात ते त्या गर्दीतल्या प्रत्येकानं पाहिलेलं होतं.

सुभेदार आत आले, पोराच्या खांद्याभोवती हात टाकला आणि त्याला चालवत कडेला नेलं. एक शब्द बोलले नाहीत. माझ्यासाठी त्या दिवसातली सगळ्यात मोठी गोष्ट तीच. क्लब त्यांचा, घाम त्यांचा, आणि हरणार हे त्यांना माझ्याआधी कळलं होतं.

हरलो. बिनजोराच्या स्क्रममधून चेंडू झटक्यात मागं जायचा आणि त्यांची पोरं कडेनं सुटायची. शेवटी एक ट्राय, वर खांबांमधून चेंडू मारून कन्व्हर्जन, 17-12. मी अर्धं लक्ष देऊन पाहिलं. पोरगा माझ्याजवळ घोंगडीवर बसला होता आणि दर थोड्या वेळानं मी त्याला काही ना काही विचारत होते.

दिवे लागायच्या सुमाराला त्याला उलटी झाली. एका उलटीवर मी थांबले असते, पण पाठोपाठ दुसरी झाली आणि डोकं दुखायचं वाढत चाललंय म्हणाला. वाढती डोकेदुखी, पुन्हापुन्हा उलट्या, झोपाळूपणा, एका बाजूची कमजोरी, झटका, यातलं काहीही दिसलं तर घरी ठेवायचं नसतं. क्लबातल्या एकाच्या जीपमधून आम्ही त्याला बेळगावला नेलं. बाप पुढं बसला होता, रस्ताभर मान वळवली नाही. सीटी स्कॅन झाला. रक्तस्राव नव्हता. बापानं विचारलं, "मग झालं काय त्याला?" स्कॅन स्वच्छ आला म्हणजे मार लागलाच नाही, असं नाही, स्कॅन रक्त शोधतो, हिसका त्यात दिसत नाही. हे समजावताना मला माझाच आवाज थकलेला वाटला.

खरी लढाई पुढच्या दोन आठवड्यांत झाली. पहिले दोन दिवस आराम, मोबाइल कमी, मग चालणं, मग हलकं पळणं. प्रत्येक पायरीवर त्रास झाला तर एक पायरी मागं. चालणं जमलं. पळायला लागला की डोकं ठणकायचं. भरतीच्या आधी चार दिवस तो पहाटे गुपचूप पळून आला आणि भिंतीला धरून बसला; आईनं मला बोलावलं. मी स्पष्ट सांगितलं, या वेळची धाव नाही. डोळे पुसत तो म्हणाला, "पुढच्या वर्षी जागा निघतील काय वं?" मला काय ठाऊक? मी एवढंच म्हटलं की वय अजून बसतंय.

त्या भरतीला तो गेला नाही. बाप माझ्या दवाखान्यात यायचा बंद झाला, गुडघ्याचं औषध खानापुरातून आणू लागला. त्याचा राग मला चुकीचा वाटत नाही. त्याच्या घरातलं जे गेलं ते खरंच गेलं, आणि जे टळलं ते दाखवायला माझ्याकडं काही नाही. तरीही उद्या तसाच पोरगा तसाच प्रश्न दोनदा विचारू लागला तर मी पुन्हा बाहेरच म्हणेन.

महिन्याभरानं त्याची डोकेदुखी गेली. आधी एकट्यानं पळणं, मग चेंडूचा सराव, मग मी तपासून सांगितल्यावर टॅकल, असा तो परत आला. सुभेदारांनी दोन गोष्टी बदलल्या. प्रत्येक पोराला ते पाच प्रश्न पाठ करायला लावले, म्हणजे मैदानात शेजारचा गडी शेजाऱ्याला विचारू शकेल. आणि पहिल्या ओळीसाठी आणखी पोरं तयार करायला घेतली. त्यांना हूकिंग हाच पोरगा शिकवतो. मान कशी ठेवायची, टॅकल करताना डोकं पळणाऱ्याच्या मागच्या बाजूला कसं न्यायचं, हे तो आता पुन्हापुन्हा करून घेतो. पुढच्या भरतीचा फॉर्म त्यानं भरलाय.