लँटर्नफिशची जात ओळखताना

एमएस्सीच्या प्रबंधासाठी अरबी समुद्रातला बेंथोसेमा टेरोटम हा लँटर्नफिश, म्हणजे अंगावर प्रकाशाचे ठिपके असलेला मासा, घेतला, तेव्हा धास्ती होती ती मासा मिळेल की नाही याची. मासे मिळाले, टोपलीभर मिळाले. घाम फोडला तो त्यांची जात ठरवताना.

हा मासा लांबीला जेमतेम चार-पाच सेंटिमीटर. प्राणिशास्त्रज्ञ आल्कॉकने १८९० साली त्याचं वर्णन केलं. पूर्व आफ्रिकेपासून जपानपर्यंत तो सापडतो, पण ओमानचं आखात आणि उत्तर अरबी समुद्रात त्याचे थवेच्या थवे असतात. दिवसा तो खाली, प्राणवायू नावापुरता असलेल्या थरात दडून बसतो. ट्यूनासारख्या शिकाऱ्यांना तिथे फार वेळ टिकाव धरता येत नाही. अंधार पडला की कोपेपॉड, म्हणजे पाण्यात तरंगणारे कोळंबीच्या जातकुळीतले बारीक जीव, खायला वर येतो. इकोसाउंडरच्या, म्हणजे पाण्यात ध्वनी सोडून त्याचा प्रतिध्वनी टिपणाऱ्या यंत्राच्या, पडद्यावर संध्याकाळी एक जाड पट्टा सावकाश वर चढताना दिसतो, तो या मंडळींचा. त्यांच्या पोटातल्या हवेच्या पिशव्यांवरून ध्वनी परततो. जाळं रात्रीच टाकायचं, हे त्यामुळे आपोआप ठरलं.

खरी गंमत पुढे. जात ओळखायची ती पोटाजवळच्या आणि कुशीवरच्या फोटोफोरच्या, म्हणजे प्रकाश देणाऱ्या ठिपक्यांच्या, मांडणीवरून. आणि जाळ्यात घासून सगळ्यात आधी निघून जातात ते खवले आणि हेच ठिपके! शिवाय त्याच जाळ्यात डायाफस या दुसऱ्या लँटर्नफिश-कुळीच्या जाती मिसळलेल्या. सोलवटलेले मासे दिसायला अगदी भावंडं. मायक्रोस्कोपखाली मासा पाण्यात बुडवून, दिवा तिरका धरून बघितलं की ठिपके मोत्यासारखे उठून दिसतात. एका कुशीवरचे गेले असतील तर मासा उलटवायचा, दुसरीकडचे मोजायचे. नर-मादी ओळखणं त्या मानाने सोपं: शेपटीच्या देठावर वरच्या बाजूला प्रकाशग्रंथी असेल तर नर, खालच्या बाजूला असेल तर मादी. अर्थात मासा वयात आलेला हवा.

ज्यांचा काहीच पत्ता लागेना त्यांच्या कानातले खडे, ओटोलिथ, काढले. त्यांचा आकार जातीप्रमाणे बदलतो. बारीक चिमट्याने डोक्यातून खडा अखंड काढायला हात बसावा लागतो, घाई केली की चुरा. हे काम कुणाला करायचं असेल तर डेकवरच, मासा ताजा असताना, दोन्ही कुशींचे फोटो काढून ठेवा. आणि खड्यांसाठीचे मासे फॉर्मॅलिनमध्ये टाकू नका; त्यात खडे झिजतात. अल्कोहोलमध्ये ठेवा.