“डॉक्टर परत तीच देतील!”

“बंदच केली मी ती गोळी. मांड्या भरून यायच्या.”

मेडिकलच्या काउंटरवर शेजारचे काका सहज बोलून गेले. हातातल्या चिठ्ठीवर रोसुव्हास्टॅटिन या कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या, स्टॅटिन गटातल्या गोळीच्या नावावर त्यांनी स्वतःच पेनाने काट मारली होती. डॉक्टरांना सांगितलंत का? “नाही गं. परत तीच देतील.”

काकांची अँजिओप्लास्टी झालीय. त्यामुळे ते वाक्य दिवसभर डोक्यातून जाईना.

परत तीच देतील असं नसतं हो! डोस कमी करता येतो, दुसरं स्टॅटिन देऊन बघता येतं. तेही सोसलं नाही तर स्टॅटिन नसलेली जोडगोळी आहे: बेम्पेडोइक अ‍ॅसिड 180 मिलिग्रॅम आणि इझेटिमाइब 10 मिलिग्रॅम. अमेरिकेत 2020 मध्ये मंजुरी मिळाली, आपल्याकडेही मिळते. इझेटिमाइब आतड्यात कोलेस्टेरॉल शोषू देत नाही, बेम्पेडोइक यकृतात ते कमी बनू देतं. बेम्पेडोइकला कामाला लावणारं एन्झाइम यकृतात असतं, हातापायांच्या स्नायूंत नाही. म्हणून स्नायूदुखीची भीती कमी.

2023 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात स्टॅटिन न सोसणारे जवळपास 14 हजार लोक होते. नुसत्या बेम्पेडोइकनेही हार्ट अटॅक, स्ट्रोक वगैरेंचा एकत्रित धोका 13 टक्क्यांनी घटला. युरिक अ‍ॅसिड मात्र वाढू शकतं, गाऊट असेल तर आधी सांगायलाच हवं.

काकांना म्हटलं, उद्या मी येते तुमच्याबरोबर.

तुमच्या घरी कुणी न सांगता अशी गोळी सोडलीय का? विचारलंत कधी?