पुढच्या नळीच्या आडोशाला

प्रकल्पासाठी माझ्याकडे 25 मिमी व्यासाची नळी होती, ती धरून ठेवणाऱ्या स्प्रिंगा होत्या आणि वाहत्या पाण्याचा काचेचा पाट. नळी कोणत्या वेगाला डोलायला लागते, ते शोधायचं होतं.

गोल नळीमागे भोवरे एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने सुटतात आणि नळीला आडवे हिसके देतात. हिसक्यांची वारंवारता म्हणजे वेग भागिले व्यास, गुणिले स्ट्रूहाल अंक, जो साधारण 0.2 असतो. नळीला टिचकी मारून तिची स्वाभाविक वारंवारता, म्हणजे मोकळी सोडल्यावर ती सेकंदाला किती वेळा डोलते ते मोजलं, 2.2 हर्ट्झ आली. म्हणजे हिसके त्याच तालात पडायला पाण्याला सेकंदाला 0.275 मीटर वेग हवा. पण नळी 0.25 लाच जोरात हलायला लागली! दोन दिवस पंप तपासण्यात गेले. खरी चूक टिचकीत होती, ती मी पाट कोरडा असताना मारली होती. पाण्यात नळीला आजूबाजूचं पाणीही हलवावं लागतं, तेवढं वस्तुमान वाढतं आणि वारंवारता 2 वर उतरते.

मग वेग 0.35 केला. सूत्राप्रमाणे भोवरे 2.8 ला सुटायला हवेत, पण ते 2.3 च्या आसपासच अडकले. पोटॅशियम परमँगनेटचा जांभळा धागा सोडला, तर नळीच्या प्रत्येक हेलकाव्याला एकेक गुंडाळी सुटताना दिसली. आता ताल नळीच धरत होती. 0.6 ला मात्र ती शांत झाली.

मग तीच नळी एका घट्ट बसवलेल्या नळीमागे, चार व्यासांवर ठेवली. मला वाटलं होतं, आडोसा मिळेल. पण त्याच 0.6 ला ती झोके घ्यायला लागली, आणि वेग वाढवला तसे झोके वाढले. पुढचे भोवरे तिच्यावर येऊन आदळत होते. इंग्लंडमध्ये फेरीब्रिजच्या वीज केंद्रात 1 नोव्हेंबर 1965 रोजी आठपैकी तीन शीतकरण मनोरे कोसळले, ते मागच्या रांगेतले होते. वाऱ्याचा भार कमी धरला होताच, त्यात पुढच्या मनोऱ्यांमुळे खवळलेला वारा. हे मी आधी वाचलं होतं, पण कळलं ते पाटाशी उभं राहून.

शेवटी धुराच्या उंच चिमण्यांना असतात तशा तीन सर्पिल कडा, 2.5 मिमी दोरीच्या, नळीवर गुंडाळल्या. एकटी असताना नळी जवळजवळ थांबली. पुढच्या नळीमागे ठेवली, तर पुन्हा डोलली. आता पुढच्या नळीलाही दोरी गुंडाळते आहे.