रोस्टर लागलं

वॉर्डाची इन्चार्ज म्हणून मी केलेलं गणपतीतलं रोस्टर आज दुपारी बोर्डावर लागलं. कोणी भांडलं नाही, म्हणजे बरं जमलं असावं. मग डबा धुता धुता वॉर्डातली एक स्टाफ नर्स सहज म्हणाली, "सिस्टर, तुमचं काय, तुम्हाला सणाला वॉर्डातच बरं वाटतं." मनात काही वाईट नव्हतं तिच्या. पण तेव्हापासून माशाचा काटा घशात अडकल्यासारखं झालंय.

बरं वाटतं? गौरी जेवायच्या दिवशी इव्हिनिंग कोणाला बरी वाटते?

हिशोब सगळ्यांना पाठ आहे. स्टाफ १२. मॉर्निंगला ४, इव्हिनिंगला ३, नाइटला २, म्हणजे दिवसाला ९ आणि आठवड्याला ६३ ड्यूट्या. बारा जणी सहा-सहा करतात, त्या होतात ७२. उरल्या ९. नाइटनंतरची सुट्टी, आजारपण, ट्रेनिंग, सगळं त्यातच बसवायचं. एक जण आठवडाभर गावाला गेली की ३ उरतात. दोघी गेल्या की उलट ३ कमी पडतात. आणि गणपतीच्या रजेचे अर्ज होते सहा.

रजेचं हो-नाही दोन महिन्यांहून आधी सांगावं लागतं, तेही लेखी. रेल्वेचं बुकिंग प्रवासाच्या ६० दिवस आधी सकाळी आठला उघडतं आणि कोकणच्या गाड्या बघता बघता वेटिंगवर जातात. त्यानंतर मंजूर केलेली रजा घेऊन बाई काय करणार? दुसरं म्हणजे 'किती दिवस' असं विचारायचंच नाही, 'कुठले दिवस' विचारायचं. दीड दिवसाचा गणपती असेल तर दोन-तीन दिवस पुरतात. जिच्या घरी गौरी आहेत तिला आवाहन, पूजन, विसर्जन हवं. चतुर्थीला ती ड्यूटीवर येते. गावाला जाणारीला जाण्यायेण्याचे वाढीव दोन. असं विचारलं की सहाचे सहा अर्ज एकाच तारखेवर येऊन पडत नाहीत. ओणम काही वर्षी याच दिवसांत येतं, ते आधी कॅलेंडरात पाहून ठेवायचं. केरळच्या दोघी मागत नाहीत, पण मागत नाहीत म्हणजे नको असतं असं नाही. वसईची आत्ता जादा नाइट घेते ती नाताळच्या बोलीवर. तो व्यवहार वहीत लिहायचा, डिसेंबरात कोणाला काही आठवत नाही. मागच्या दोन वर्षांत कोणाला कुठला सण मिळाला याचं पान वहीच्या शेवटी, सगळ्यांना उघडून बघता येईल असं. निम्मी भांडणं त्या पानावरच मिटतात.

मग माणसं बसवायची. इव्हिनिंगनंतर लगेच दुसऱ्या दिवशी मॉर्निंग द्यायची नाही. रात्री आठला नाइटवालीला ओव्हर, म्हणजे वॉर्डाचा ताबा, देऊन निघालेली बदलापूरला दहाच्या पुढे पोचते, पहाटे पाचला उठते, आणि सकाळी तीच इन्सुलिन भरणार असते. दोन नवीन मुली एका नाइटला नकोत. पोटॅशियम क्लोराइड, हेपॅरिन, इन्सुलिन असं जोखमीचं औषध दोघींनी तपासून द्यायचं असतं. दोघीही नवीन असल्या की दुसरी नुसती मान हलवते. रविवारच्या इव्हिनिंगला लोकलचा मेगाब्लॉक धरूनच चालायचं, कल्याणपलीकडची दोनला पोचेल ही आशा नको. अनंत चतुर्दशीची इव्हिनिंग हॉस्टेलवाल्यांची. लालबाग-परळचे रस्ते बंद झाल्यावर बाकीच्या येणार कशा आणि जाणार कशा!

एवढं करूनही तीन चौकोन रिकामे राहतात. तिथे इन्चार्जचं नाव टाकणं सगळ्यांत सोपं, आणि सगळ्यांत घातकही. मेट्रन ऑफिसला भरलेलं रोस्टर गेलं की तिथल्या लेखी वॉर्डात माणसं पुरेशी आहेत. वरून कोणाला कशाला पाठवतील? शिवाय इन्चार्ज इव्हिनिंगला अडकली की इंडेंट, म्हणजे सामानाचं मागणीपत्र, राहतो. मग रविवारी रात्री ग्लुकोमीटरच्या पट्ट्या संपतात आणि नाइटची मुलगी शेजारच्या वॉर्डात उसनवारीला पळते. क्रॅश ट्रॉलीतल्या, म्हणजे तातडीच्या सामानाच्या गाडीतल्या, लॅरिंगोस्कोपचा (श्वासनळीत नळी घालताना घसा दाखवणाऱ्या उपकरणाचा) बल्ब लागतो की नाही हे त्या आठवड्यात कोणी बघितलेलं नसतं. टीमसाठी म्हणून केलेली ड्यूटी अशी टीमलाच महागात पडते. म्हणून चौकोन आधी लाल पेनाने आखून रिकामेच ठेवायचे. सोबत पत्र: तारीख, शिफ्ट, खाटा किती, हजर किती. पत्र दोन आठवडे आधी द्यायचं आणि पोच घ्यायची. यंदा तीनपैकी दोन वरून मिळाल्या. तिसरी माझी.

म्हणजे सगळं रीतसर झालं. मग काटा कसला? आभार हवे होते का मला? घरी जाऊबाई जे म्हणाल्या ते... असो.

परवाच्या ट्रेनिंगमध्ये रॉबर्ट ग्रीनलीफ या अमेरिकन लेखकाचे विचार शिकवले. एटी अँड टी या टेलिफोन कंपनीत आयुष्य घालवून त्यांनी १९७० मध्ये सेवक-नेत्याची कल्पना मांडली. त्यांची कसोटी अशी: ज्यांची सेवा करता ती माणसं वाढतात का? अधिक शहाणी, अधिक मोकळी, आपल्या पायावर उभी राहतात का, आणि पुढे स्वतः इतरांसाठी उभी राहतील का? त्याच्या शंभरेक वर्षं आधी, १८५९ मध्ये, नाइटिंगेलबाईंनी याच अंगाने लिहून ठेवलंय: तुम्ही असताना जे होतं ते तुम्ही नसतानाही होईल, अशी व्यवस्था लावता आली पाहिजे. दोघांच्याही कसोटीत 'त्यांनी दखल घेतली का' हा प्रश्नच नाही. मेलं, मी नेमकी त्याच प्रश्नापाशी बसलेय.

त्या डबा धुणारीचंच बघायचं तर गेल्या महिन्यात तिने नाइट बदलून घेतली. मला विचारलंही नाही. वहीत दोघींच्या सह्या होत्या आणि नवी-जुनी जोडी मोडलेली नव्हती. कसोटी लावायची तर ती पास आहे. आणि उपकाराखाली दबलेली स्टाफ 'मला हे जमत नाही' असं कधी म्हणत नाही. एखादा डोस चुकला तर तो दाबून टाकते, कारण सिस्टरांना वाईट वाटेल. माझ्या ड्यूटीचं तिला काहीच ओझं नाही, म्हणजे हे एका अर्थी बरंच की. फक्त एका अर्थी. गौरीच्या जेवणाची पानं दुसरं कोणी वाढणार आहे, ते आहेच.

दिवाळीचं रोस्टर तिच्याकडे देणार. आधी पेन्सिलीने, नाइटचा रकाना पहिला, कारण तो चुकला की बाकी सगळं खोडावं लागतं. मी शेवटी जोड्या तेवढ्या बघेन, आणि तिने स्वतःचं नाव रिकाम्या चौकोनांत भरलेलं दिसलं तर पुसेन. लक्ष्मीपूजनाची नाइट मला लावली तर मात्र अर्ज करणार आहे. लेखी. पोच घेऊन.