आमची वाटचाल : बेल्टवर चाललेलं गॅरेज

फेरारीचं गॅरेज म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर काचेचा शोरूम, पांढरी फरशी न कोपऱ्यात कॉफीचं मशिन येतं. आमचं गॅरेज इंग्लंडात नॉर्दम्प्टनशरमधल्या एका इंडस्ट्रियल इस्टेटमधे आहे, सिल्व्हरस्टोनचा रेसचा ट्रॅक तिथून जवळच, एका बाजूला किचनची कपाटं बनवणारा, दुसऱ्या बाजूला टाईल्सचं गोडाऊन, आणि दारावर पाटी नाही कारण इन्शुरन्सवाल्यानंच सांगितलं की लावू नका.

मी मूळचा कोल्हापूरचा. शिवाजी उद्यमनगरात मामाच्या वर्कशॉपमधे हात काळे करायला शिकलो, मग पुण्यात डिप्लोमा, मग इकडे मोटरस्पोर्टचा कोर्स करायला आलो तो इथलाच झालो. काही वर्षं एका मोठ्या डीलरकडे नोकरी केली. पगार चांगला होता पण गाडीचा मालक कधी दिसायचाच नाही, सगळं रिसेप्शनवरून कागदावर यायचं, आणि मला तर मालकाशी बोलल्याशिवाय गाडीचं दुखणं कळतच नाही. शेवटी २०१२ साली बाहेर पडलो. बरोबर एक रिटायर व्हायला आलेले इंग्लिश मिस्त्री घेतले, त्यांना मी काका म्हणतो, आता पार्टवालेसुद्धा फोनवर काका आहेत का विचारतात. हिशेब न व्हॅटचं सगळं बायको बघते, म्हणून धंदा अजून चालू आहे.

सुरुवातीला पोट भरलं ते फेरारी ३५५ नं. ही गाडी १९९४ ते ९९ या काळातली, साडेतीन लिटरचा व्ही८, सिलिंडरला पाच व्हॉल्व्ह, मिनिटाला साडेआठ हजार फेऱ्यांपर्यंत ओढते आणि तो आवाज एकदा ऐकला की माणूस घरी जाऊन बँकेचं पासबुक काढतो. त्या दिवसांत ३५५ बऱ्याच स्वस्त झाल्या होत्या, त्यामुळे ज्यांनी घेतल्या त्यातल्या निम्म्या लोकांना माहीतच नव्हतं की टायमिंग बेल्ट (इंजिनाचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडणारा रबरी पट्टा) बदलायचा तर अख्खं इंजिन उतरवावं लागतं. म्हणजे गाडी रॅम्पवर वर, मागची सबफ्रेम, गिअरबॉक्स, इंजिन सगळं एका टेबलावर खाली घ्यायचं. आणि हे दर तीन ते पाच वर्षांनी, गाडी चालवा नाहीतर झाकून ठेवा, कारण रबर वयानं जातं. इंजिन खाली आलं की मग बाकीचं दिसायला लागतं: एक्झॉस्ट मॅनिफोल्डला तडे (थंड इंजिन चालू केल्यावर टिकटिक आवाज आला तर समजायचं), सुरुवातीच्या गाड्यांत व्हॉल्व्ह गाईड झिजलेले, त्यासाठी लीकडाउन टेस्ट, म्हणजे सिलिंडरमधून हवा किती गळते ते बघायचं. आणि आतली बटणं, त्यांच्यावरचं काळं कोटिंग विरघळून गुळासारखं हाताला चिकटतं, ते काढायला काका रेडिओ लावून बसतात.

पुढची ३६० आली तिच्यात सीटच्या मागची पत्र्याची झाकणं काढून बेल्टपर्यंत पोचता येतं, आणि त्यानंतरच्या ४३० ला तर बेल्टच नाही, चेन. गिऱ्हाइकाला आनंद, आमच्या पोटावर पाय. तेव्हाच ठरवलं की नुसत्या बेल्टवर धंदा चालणार नाही, लोक गाडी घ्यायच्या आधी आमच्याकडे आले पाहिजेत. आज आमचं जवळजवळ अर्धं काम हेच आहे, कुणीतरी कुठंतरी गाडी पसंत केलेली असते, आम्ही जाऊन ती उघडून बघतो आणि लिहून देतो. इंग्लंडमधे एक गोष्ट फार सोयीची आहे, गाडीचा नंबर टाकला की एमओटीचा म्हणजे दरवर्षीच्या फिटनेस टेस्टचा सगळा इतिहास फुकट दिसतो, मैलांसकट. दलाल फोटो पाठवून सांगतो, बघा किती कमी चाललीय. आम्ही बघतो तर सलग पाच-सहा टेस्टमधे मिळून गाडी जेमतेम गावाबाहेर जाऊन आलेली. अशी गाडी महाग विकतात आणि अशीच गाडी आमच्याकडे सगळ्यात मोठं बिल घेऊन येते. सील वाळलेले, क्लचची प्लेट चिकटलेली, टायर दिसायला नवे पण त्यावरचे चार आकडे वाचले, आठवडा न वर्ष, की कळतं कॉलेजला जाणाऱ्या पोरापेक्षा जुने आहेत. त्यात २०२१ च्या सप्टेंबरपासून इथलं साधं पेट्रोल ई१० झालं, दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल, जुन्या रबरी होजना ते मानवत नाही, म्हणून आम्ही प्रत्येकाला बजावतो की महागातलं सुपरच भरा न टाकी उभी ठेवू नका. २०२० च्या लॉकडाउननंतर तर रांग लागली होती, सगळ्यांच्या गाड्या एकदमच आजारी.

आता सगळे विचारतात तो प्रश्न, फेरारी न बाकीच्या सुपरकार धरून, यातली चालवायला भारी कुठली आणि पाळायला सोयीची कुठली. ही दोन वेगळी उत्तरं आहेत, आणि आमच्या हातून ज्या गेल्या त्यावरूनच सांगतो.

फेरारी एफ४० बद्दल बोलताना मोठमोठी माणसं लहान होतात. १९८७ ची, फेरारीला चाळीस वर्षं झाली म्हणून काढलेली, एन्झो फेरारीच्या हयातीतली शेवटची नवी गाडी. आत बसलात तर गालिचा नाही, दार उघडायला हँडल नाही, एक तार ओढायची. पॉवर स्टिअरिंग नाही, एबीएस नाही, ब्रेकला जोर देणारा सर्वो नाही. पहिला गिअर डावीकडे खाली आहे आणि गिअरबॉक्स थंड असताना दुसरा पडत नाही, जबरदस्ती करायची नाही, सरळ तिसऱ्यात जायचं. साडेतीन-चार हजारांपर्यंत काहीच होत नाही, माणूस म्हणतो एवढंच का, आणि मग दोन्ही टर्बो एकदम जागे होतात न डोकं सीटवर आपटतं. इंग्लंडमधे विकलेल्यासुद्धा लेफ्ट हँड, त्यामुळे पार्किंगचं तिकीट घ्यायला शेजारी कोणीतरी पाहिजे. पण पाळायला मात्र वाटते तितकी वाईट नाही, गाडी मुळात साधी आहे, जे आहे ते समोर दिसतं. खर्च येतो तो पेट्रोलच्या टाक्यांचा, त्या रबरी पिशव्यांच्या आहेत, साधारण दहा वर्षांनी बदलायच्या.

तिच्या काळातली पोर्शे ९५९ अगदी उलटी. फोर व्हील ड्राइव्ह, वरखाली होणारं सस्पेन्शन, टायरमधली हवा कमी झाली तर डॅशबोर्डवर इशारा, हे सगळं १९८६-८७ मधे! त्याच वर्षी, ८६ ला, पॅरिस-डाकार रॅली जिंकली. चालवायला इतकी सभ्य की कोणालाही द्यावी, पावसातसुद्धा. पण सस्पेन्शनची हायड्रॉलिक्स रुसली तर नाकी नऊ येतात, पार्ट मिळाला तर किंमत ऐकून बसावं लागतं. आम्ही ९५९ चं आतलं काम घेत नाही, बघून अहवाल देतो, पुढे तिच्या माहेरी पाठवा म्हणतो.

लँबोर्गिनीची काउंटाच ही बघायची गाडी आहे, माझं मत, काकांना पटत नाही. क्लच असा की ट्रॅफिकमधे मांडी थरथरते, खिडकीची पट्टी जेमतेम हात बाहेर जाईल एवढीच उघडते, आणि रिव्हर्स घ्यायला दार वर करून उंबऱ्यावर बसून मागे बघत घ्यायची, हे खरंच असं करतात, सोंग नाही. बारा सिलिंडर, सहा वेबर कार्ब्युरेटर (हवा न पेट्रोल मिसळणारे), एकेकाला दोन घसे. ते सगळे एका सुरात आणायचं काम काकांशिवाय कोणाला दिलेलं नाही. प्रत्येक घशावर हवेचा मीटर लावायचा, स्क्रू पाव फेरा फिरवायचा, परत पहिल्यावर यायचं कारण आठवा बदलला की तिसरा हललेला असतो, आणि शेवटी मीटर बाजूला ठेवून काका नुसते कान देऊन उभे राहतात. त्या दुपारी फोन मी उचलतो. जुन्या काउंटाचना आता चाळीस वर्षं उलटल्यामुळे इथं रोड टॅक्स लागत नाही, एमओटीही सक्तीची नाही, पण टॅक्स वाचला म्हणून खुश होणारा माणूस काउंटाच घेतच नाही.

पोर्शेच्याच करेरा जीटी ला नवीन मालक घाबरतो ते पहिल्या सिग्नललाच, सिरॅमिकचा क्लच इतका छोटा की ॲक्सिलरेटर देऊन सोडला की गाडी बंद. न देता हळू सोडायचा, ती आपली आपण चालायला लागते. ५.७ लिटरचा व्ही१०, आणि गिअरची मूठ लाकडाची. ही गाडी सरावल्याशिवाय जोरात चालवू नये, एवढंच आम्ही चावी देताना म्हणतो आणि ते मनापासून म्हणतो.

आणि होंडा एनएसएक्स. १९९० ची, ॲल्युमिनियमची बॉडी, तीन लिटरचा व्ही६, आठ हजारांपर्यंत फिरणारा, टायटॅनियमचे कनेक्टिंग रॉड. फॉर्म्युला वनच्या सेन्नानं जपानात सुझुकाच्या ट्रॅकवर चालवून बघितलेली. मॅकलारेनची एफ१ ही सुपरकार बनवणाऱ्या गॉर्डन मरेनं स्वतः एनएसएक्स वापरली आणि एफ१ बनवताना तीच नजरेसमोर ठेवली होती. आता बघा, एफ१ रोडच्या न रेसच्या सगळ्या मिळून फक्त १०६ बनल्या, २०२१ मधे त्यातली एक गाडी दोन कोटी डॉलरच्या वर गेली, ती कोणी डेअरीतून दूध आणायला काढेल का? एनएसएक्स काढतात. बाहेरचं सगळं दिसतं, एसी चालतो, बेल्ट इंजिन न उतरवता होतो (जागा अडचणीची आहे, बोटं सोलतात), सुरुवातीच्या काही गिअरबॉक्समधली स्नॅप रिंग म्हणजे धातूची कडी तेवढी तपासून घ्यायची. आमच्या गिऱ्हाइकांत ज्यांच्याकडे दोन-तीन गाड्या आहेत त्यांची एनएसएक्सच सगळ्यात जास्त चाललेली असते, आणि तिचंच बिल सगळ्यात कमी. बायको म्हणते अशा गाड्या वाढल्या तर आपण उपाशी मरू.

कोल्हापुरात दसऱ्याला छत्रपती घराण्याची मेबॅक बाहेर निघते ती लहानपणी बापाच्या खांद्यावरून बघितलेली, ती गाडी आजही चालते कारण तिला दरवर्षी चालावंच लागतं. म्हणून २०२२ पासून आम्ही स्टोरेज घेताना एक अट लिहून घेतो, महिन्यातून एकदा काका किंवा मी गाडी बाहेर काढून चांगली गरम करणार, नाही म्हणणाऱ्याची गाडी ठेवत नाही. काहीजण गेले सोडून, मैल वाढले तर किंमत पडते म्हणाले. जाऊ देत. जागा तशीही कमी होती, आता टाईल्सवाल्याचा अर्धा गाळा भाड्यानं घ्यायची बोलणी चालू आहेत.

आणि इथल्या मराठी मंडळींसाठी, गणपतीत दर वर्षी विचारता म्हणून लिहितो: गोल्फ, फॅबिया, कश्काय अशा रोजच्या गाड्या आम्ही करत नाही. बायकोच्या ओळखीतले असाल तर शनिवारी सकाळी घेऊन या, रॅम्प मोकळा असला तर बघू.